देणगी अख्ख्या ग्रंथाची आहे

उपासनेला येताना हातात छापील पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, असावं की खिशातला मोबाइल चालेल, हा वाद आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांतून पुन्हा पुन्हा पेटतो. ज्येष्ठांचं म्हणणं असं की, ज्या यंत्रावर रात्री सिनेमा पाहिला, भांडणं वाचली, त्याच यंत्रावर सकाळी देवाचं वचन उघडणं हा अनादर आहे. तरुण म्हणतात, वचन तेच आहे. शाई नसली म्हणून त्याचं सामर्थ्य कमी होत नाही. मग पाळकांना मध्ये पडावं लागतं, मंडळीच्या वडीलधाऱ्या कारभाऱ्यांच्या सभेत विषय निघतो, कुठे नियम होतो आणि कुठे नुसतीच धुसफुस राहते. दोन्ही बाजू श्रद्धेनं बोलतात, याबद्दल शंका नाही. पण दोघांचंही लक्ष वचन कशात ठेवलंय याकडेच आहे. ते किती वाचलं जातंय, कसं वाचलं जातंय आणि घरातल्या कुणाकुणापर्यंत पोचतंय, हे विचारायला कुणी उठत नाही.

भूमिका सुरुवातीलाच मांडलेली बरी. पवित्र शास्त्र ही देवानं आपल्याला दिलेली अमोल देणगी आहे असं आपण मानतो. ही देणगी अख्ख्या ग्रंथाची आहे. उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत, वंशावळींसकट, विलापांसकट, सहज न कळणाऱ्या संदेष्ट्यांसकट ती मिळालेली आहे. तिचा मान राखायचा तर ती सलग, क्रमानं, मोठ्यानं, आपल्या भाषेत आणि चारचौघांत वाचावी लागते. आज तिची सगळ्यात मोठी हेळसांड होतेय ती तुकडे करून वापरण्यामुळे. हे तुकडे मोबाइलवर पडतात तसेच छापील पुस्तकातही पडतात, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर तर कधीपासून पडतायत. म्हणून कागद की पडदा हा प्रश्न मी दुय्यम मानतो. त्यालाही उत्तर आहे, ते ओघात येईल.

आधी पुस्तकाचा मान राखणाऱ्यांकडे पाहू. लग्नात किंवा दृढीकरणाच्या दिवशी भेट मिळालेलं शास्त्र अनेक घरांत असतं. रेक्झिनचं चेनचं कव्हर, सोनेरी कडा, रेशमी फीत. ते उघडण्याआधी बंद असतानाच त्याची कड बोटानं चाचपून पाहावी. स्तोत्रसंहितेपाशी कडा थोड्या मळलेल्या आणि फुगीर झालेल्या असतात, मत्तय आणि योहान इथेही तसंच. लेवीयपासून इतिहासापर्यंतची पानं मात्र अजून एकमेकांना चिकटलेली असतात, कारण सोनेरी मुलाम्याची कड पहिल्यांदा पान उलटेपर्यंत सुटत नाही. हबक्कूक, सफन्या, हाग्गय यांची तर गोष्टच नको. त्या घरात शास्त्राला मान नाही असं कोण म्हणेल? ते जमिनीवर कधी ठेवलेलं नसतं, त्याच्यावर दुसरं पुस्तक ठेवलेलं नसतं. तरीही त्याचा मोठा भाग घरात कुणाला भेटलेलाच नसतो.

हा प्रकार नवा नाही. चौथ्या शतकाच्या अखेरीस अंत्युखियात योहानाच्या शुभवर्तमानावर प्रवचनं देताना क्रिसोस्तोम या धर्मगुरूनं श्रोत्यांना हेच ऐकवलं होतं: तुमच्यापैकी थोड्यांच्याच घरी शास्त्राची पुस्तकं आहेत, आणि ज्यांच्याकडे आहेत ते ती पेटीत बंद करून ठेवतात; चर्मपत्र किती तलम आणि अक्षर किती सुंदर याचं त्यांना कौतुक, वाचनाची काळजी नाही. त्याच सुमारास जेरोमनं एका पत्रात जांभळ्या रंगात बुडवलेल्या चर्मपत्रांवर, सोनेरी अक्षरांवर आणि रत्नजडित ग्रंथांवर कोरडे ओढले, आणि दाराशी ख्रिस्त उघडानागडा मरतोय याची आठवण करून दिली. जेरोम ग्रंथांचा शत्रू होता काय? त्यानं आयुष्य त्या ग्रंथाच्या भाषांतरात घालवलं. त्याला हवी होती ती साधी पानं आणि बिनचूक पाठ.

आणि शास्त्र स्वतःच याहून जुना दाखला देतं. 2 राजे, अध्याय 22. योशीया राजाच्या अठराव्या वर्षी मंदिराच्या डागडुजीचं काम निघालं आणि हिल्कीया याजकाला नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला. कुठे सापडला? परमेश्वराच्या मंदिरातच. रानात नव्हे, शत्रूच्या छावणीत नव्हे. जिथे तो सगळ्यात सुरक्षित असायला हवा तिथेच तो हरवला होता. शाफान चिटणीसानं तो राजाला वाचून दाखवला तेव्हा राजानं आपली वस्त्रं फाडली, आणि नंतर लहानथोर सगळ्या लोकांना जमवून तो त्यांच्या कानी घातला. पवित्र जागी ठेवल्यानं ग्रंथ सांभाळला जातो असं ज्यांना वाटतं, त्यांनी हा अध्याय सावकाश वाचावा.

तरी ज्येष्ठांच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते हलकं नाही. माणूस शरीरानं आदर शिकतो. घरातली मोठी माणसं एखादी वस्तू दोन्ही हातांनी उचलतात हे पाहून मुलाला तिची किंमत कळते. उपदेशानं तेवढी कळत नाही. नहेम्याच्या आठव्या अध्यायात एज्रानं ग्रंथ उघडताच सगळे लोक उठून उभे राहिले. मिस्सेत, म्हणजे कॅथलिक उपासनेत, शुभवर्तमानाच्या वेळी आपण आजही उभे राहतो ते उगाच नव्हे. पण नहेम्याचा तो अध्याय तिथेच थांबत नाही. लाकडी मंचावर उभं राहून एज्रानं उजाडल्यापासून दुपारपर्यंत वाचलं. ऐकायला पुरुष होते, बायका होत्या, समजण्याइतकी मोठी मुलं होती. लेवी, म्हणजे मंदिराचे सेवक, जमलेल्या लोकांत फिरून अर्थ समजावून देत होते, आणि ऐकता ऐकता लोक रडू लागले. उभं राहणं ही त्या सकाळची सुरुवात होती. आपण सुरुवात जपली आणि दुपारपर्यंतचं वाचन सोडून दिलं.

आता तरुणांची बाजू. तीही मनापासून मान्य करावी अशी आहे. नव्या साधनाला घाबरण्याचं ख्रिस्ती माणसाला कारण नाही, कारण आपले पूर्वज या बाबतीत काळाच्या पुढे होते. रोमन साम्राज्यात प्रतिष्ठित ग्रंथ गुंडाळीवर लिहिले जात, त्या काळात, दुसऱ्या शतकापासूनच, ख्रिस्ती लोकांनी आपली शास्त्रं शिवलेल्या पानांच्या पुस्तकात उतरवायला सुरुवात केली. आज ज्येष्ठ ज्या आकाराला पवित्र मानतात तो एके काळी नवखाच होता. मोबाइलवर अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. मोतीबिंदू झालेल्या आजीला तो वाचून दाखवतो. ज्या माणसाला वाचता येत नाही त्याला तो पूर्ण नवा करार ऐकवतो. पंडिता रमाबाईंचं भाषांतर आणि बायबल सोसायटीचं सुधारित भाषांतर शेजारी शेजारी ठेवून पाहायचं काम काही सेकंदांत होतं. आखाती देशात नोकरीला गेलेल्या मराठी माणसाला आपल्या भाषेतलं शास्त्र सामानात न घेता मिळतं. यात अनादर कुठला?

मग अडचण कुठे आहे? अडचण सवयीत आहे. मोबाइल उघडला की शास्त्र शोधपट्टीतून सुरू होतं. 'चिंता' लिहायचं, सात-आठ वचनं समोर येतात, त्यातलं एक आवडतं, ते चित्रावर चिकटवून पाच गटांत पाठवायचं. या सगळ्यात एक अध्यायसुद्धा पुरा वाचलेला नसतो. त्यात मध्येच फोन येतो, मेसेज येतो. हे वचन पौलानं लिहिलं की दाविदानं, तुरुंगातून लिहिलं की राजवाड्यातून, कुणाला आणि कशावरून लिहिलं, हे विचारायला सवडच राहत नाही. पण हा दोष एकट्या मोबाइलचा म्हणणं अन्यायाचं होईल. वर्षअखेरीच्या उपासनेत नव्या वर्षासाठी वचनाची चिठ्ठी उचलण्याची पद्धत मोबाइलच्या आधीची आहे. टेबलावरची वचनपेटी त्याहून जुनी. एवढंच काय, ज्या आकड्यांच्या आधारानं आपण वचनं सुटी करतो ते आकडेही मूळ ग्रंथात नव्हते. आज आपण वापरतो ते अध्याय तेराव्या शतकाच्या सुरुवातीला स्टीफन लँग्टनच्या नावावर जमा आहेत, आणि नव्या कराराचे वचनांक रॉबर्ट एस्तिएन या मुद्रकानं 1551 साली घातले. ते जागा सापडावी म्हणून घातले. ओळ कापून न्यावी म्हणून कुणी घातले नव्हते.

ओळ कापल्यानं काय होतं, ते एका वचनावरून पाहू. यिर्मया 29:11 हे आपल्याकडे बहुधा सगळ्यात जास्त फिरणारं वचन असेल: तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, ते तुम्हाला आशा देणारे आहेत, असं परमेश्वर म्हणतो. दहावीच्या निकालाआधी, व्हिसाच्या मुलाखतीआधी, ऑपरेशनच्या आदल्या रात्री ते येतं. आता एकच ओळ वर सरकून दहावं वचन वाचा. बाबेलमध्ये 70 वर्षं पुरी झाल्यावर मी तुमचा समाचार घेईन, असं तिथे लिहिलं आहे. हा अध्याय म्हणजे बाबेलला धरून नेलेल्या लोकांना यिर्मयानं धाडलेलं पत्र आहे. म्हणजे ते ऐकणाऱ्या प्रौढ माणसांपैकी बहुतेक जण परक्या देशात मरणार होते. त्याही आधी, पाचव्या वचनापासून, त्यांना सांगितलं आहे की घरं बांधा, मळे लावा, मुलांची लग्नं करा, आणि ज्या शहरात तुम्हाला धरून नेलं त्याच शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. आणि त्याच काळात हनन्या नावाचा संदेष्टा, अध्याय 28 मध्ये, दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल असं सांगून टाळ्या मिळवत होता. यिर्मयाचं वचन त्या खोट्या दिलाशाला दिलेलं उत्तर आहे. ते चिठ्ठीवर एकटं छापलं की उलट हनन्याच्याच सुरात बोलू लागतं. याहून मोठा उलटा अर्थ कुठला?

फिलिप्पैकरांस 4:13 चं तसंच. जो मला सामर्थ्य देतो त्याच्यामुळे मी सर्व काही करू शकतो, हे परीक्षेच्या आणि धंद्याच्या यशाचं वचन होऊन बसलं आहे. मागच्याच दोन ओळींत पौल सांगतो की तृप्त असणं आणि उपाशी असणं, विपुलता आणि टंचाई, दोन्ही मी शिकलो आहे. हे तो बंदिवासातून लिहितोय. 'सर्व काही' मध्ये उपास येतो, हे कापलेल्या चिठ्ठीवर उरत नाही. मग एखाद्या वर्षी धंदा बुडतो, निकाल वाईट लागतो, आणि माणूस म्हणतो की वचन खोटं ठरलं. वचन खोटं ठरलेलं नसतं. त्याला ते अर्धंच दिलेलं असतं. तरुण मुलं मंडळीपासून दूर का जातात यावर आपण परिसंवाद घेतो. त्यांना दिलेला दिलासा पहिल्याच उन्हाळ्यात का वाळून गेला, याची चौकशी इथूनही सुरू करायला हवी.

वचन सुटं करून वापरण्याचा सगळ्यात भीषण नमुना रानात झाला. मत्तय 4 मध्ये सैतान येशूला मंदिराच्या शिरोभागी नेऊन स्तोत्र 91 ऐकवतो: देवदूत तुला हातांवर झेलतील. शब्द शास्त्रातलेच आहेत. पण सैतान जिथे थांबतो त्याच्या पुढच्याच ओळीत सिंह आणि सर्प पायाखाली तुडवण्याची गोष्ट आहे, आणि ती तो म्हणत नाही. येशूही वचनानंच उत्तर देतो. एक सोडून तीन वेळा. ती तिन्ही उत्तरं जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या 6 ते 8 या अध्यायांतली आहेत, इस्राएलाला रानात 40 वर्षं कसं चालवलं, कसं उपाशी ठेवलं आणि मान्ना देऊन कसं शिकवलं, त्या सलग भागातली. भूक लागलेल्या 40 दिवसांत त्याच्याजवळ तो सबंध भाग होता. एकेक वचन त्याला आठवलं ते त्या सलग वाचनातून.

आता माझ्या म्हणण्यावरचा सगळ्यात जबर आक्षेप. देवानं कितीतरी माणसांना एकाच वचनानं धरलं आहे, मग तुम्ही त्याला अडवणारे कोण? 386 साली मिलानच्या बागेत ऑगस्टीननं 'घे आणि वाच' असा आवाज ऐकला, पौलाच्या पत्रांचं पुस्तक उघडलं, रोमकरांस 13:13-14 एवढंच वाचलं, आणि पुढे वाचण्याची इच्छाही उरली नाही, गरजही. इजिप्तमध्ये, पुढे संन्यासी झालेल्या अंतोनीनं ख्रिस्ती मंदिरात पाय ठेवला तेव्हा मत्तय 19:21 वाचलं जात होतं. त्यानं सर्वस्व विकलं. आणि आयसीयूच्या बाहेर बसलेल्या बाईला आपण निर्गमाचे 40 अध्याय देणार आहोत काय? तिच्या हातात स्तोत्र 23 ची एक ओळ असेल तर ती पुरते. हे सगळं खरं आहे. अशा वेळी दिलेल्या एका ओळीविरुद्ध मला काहीही म्हणायचं नाही.

पण ऑगस्टीनची गोष्ट तीही अर्धीच सांगितली जाते. बागेत ते पुस्तक हाताशी होतं, कारण तो काही काळापासून पौल वाचत होता, आणि मिलानचा बिशप अँब्रोज याची प्रवचनं ऐकत होता. त्या दिवसानंतर त्यानं अँब्रोजला विचारलं की बाप्तिस्म्याच्या तयारीसाठी मी आता काय वाचू. अँब्रोजनं त्याला यशया सांगितला, सबंध यशया. ऑगस्टीनला सुरुवातीचा भाग कळला नाही म्हणून त्यानं तो बाजूला ठेवला आणि पुढे शास्त्राच्या भाषेशी सराव झाल्यावर पुन्हा घ्यायचं ठरवलं. नंतर त्याच माणसानं दीडशेच्या दीडशे स्तोत्रांवर विवरण केलं. एका वचनानं दार उघडलं हे खरं, पण तो उंबरठ्यावर बसून राहिला नाही. आपल्याकडचा दाखला तर याहून बोलका आहे. 1893 साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशानं नारायण वामन टिळकांना नवा करार भेट दिला आणि वाचण्याचं वचन घेतलं. टिळकांना पुस्तकाची फारशी ओढ नव्हती. शब्द दिला होता म्हणून त्यांनी वाचायला घेतलं. पहिल्या पानापासून वाचत वाचत ते डोंगरावरच्या प्रवचनापर्यंत पोचले आणि तिथून त्यांना हलता येईना. त्या सहप्रवाशानं त्यांच्या हातावर एखादी चिठ्ठी ठेवली असती तर? नव्या कराराच्या पहिल्याच पानावर वंशावळ आहे. अब्राहामापासून ख्रिस्तापर्यंतची ती नावं ओलांडून माणूस मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येतो, तेव्हा तो कुणाचं बोलणं ऐकतोय हे त्याला ठाऊक असतं.

दुसरा आक्षेप इतिहासाचा आहे. छापखाना येईपर्यंत सामान्य ख्रिस्ती माणसाकडे शास्त्र नव्हतंच. मग ते वाचल्याशिवाय श्रद्धा नाही असं कसं म्हणता? तसं मी म्हणत नाही. तो ऐकत होता, आणि ऐकत होता ते सलग ऐकत होता. 303 साली डायोक्लेशन बादशहानं शास्त्रं जाळण्याचा हुकूम काढला, त्या वेळच्या एका जप्तीची नोंद आपल्यापर्यंत आली आहे. उत्तर आफ्रिकेत किर्ता गावी, आजच्या अल्जीरियातल्या कॉन्स्टँटीनमध्ये, अधिकारी मंदिरात शिरले. भांडी, दिवे, कपडे यांची यादी झाली. ग्रंथ मागितले तेव्हा एकच मोठा ग्रंथ निघाला. बाकीचे कुठे, तर वाचकांच्या घरी. मग अधिकारी एकेका वाचकाचं दार ठोठावत गेले आणि कुणाकडून चार, कुणाकडून पाच, कुणाकडून आठ असे ग्रंथ गोळा केले. ग्रंथ वाचकांच्या घरी होते, कारण मंडळीपुढे वाचणं ही त्यांची नेमलेली सेवा होती. ते देऊन टाकणाऱ्यांना पुढे मंडळीनं विश्वासघातकी ठरवलं, इतकी ती जखम खोल गेली.

आपल्याकडे फादर थॉमस स्टीफन्सनी 1616 साली रायतूरच्या छापखान्यातून क्रिस्तपुराण काढलं ते याच कारणासाठी. नव्या ख्रिस्ती लोकांना आपल्या भाषेत ऐकायला काही नव्हतं. त्यांनी सुटी वचनं दिली नाहीत. उत्पत्तीपासून पुनरुत्थानापर्यंतची सगळी कथा दहा हजारांहून अधिक ओव्यांत सांगितली आणि ती देवळांतून वाचली जाऊ लागली. पुढे 1649 आणि 1654 साली ते पुन्हा छापलं. 1684 मध्ये पोर्तुगीज सत्तेनं लोकभाषेवरच बंदीचा हुकूम काढला. आज त्या तीन छापील आवृत्त्यांची एकही प्रत हाती नाही. तरी ग्रंथ टिकला, कारण तो म्हणणाऱ्या लोकांनी हातानं नकला करून ठेवल्या होत्या. ज्यांनी त्याचं सोनं केलं ते गाणारे आणि उतरवून घेणारे होते. पंडिता रमाबाईंना सिल्चरला असताना घरात लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली. पुढे त्याच बाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध शास्त्र खेड्यातल्या बायकांना समजेल अशा मराठीत आणलं, तिथल्याच छापखान्यात तिथल्याच स्त्रियांनी खिळे जुळवले, आणि ते 1924 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, पूर्ण प्रसिद्ध झालं. आयुष्याची शेवटची वर्षं त्यांनी लेवीय आणि यहेज्केल मराठीत आणण्यात घालवली, ते आपण ती पानं चिकटलेलीच ठेवावीत म्हणून?

आता व्यवहाराचं. जानेवारीत संकल्प होतो आणि फेब्रुवारीत मोडतो, हे घरोघरी घडतं. ते आळसामुळे घडतं असं म्हणून भागत नाही, हिशेब पाहा. शास्त्राचे अध्याय 1,189, कॅथलिक शास्त्रात 73 पुस्तकं असल्यानं थोडे जास्त. वर्षात संपवायचं तर रोज तिनाहून थोडे जास्त अध्याय लागतात; रोज 3 धरले तरी 25 जानेवारीच्या आसपास निर्गम 25 येतो, म्हणजे निवासमंडपाची मापं, पडदे, कड्या आणि खुंट्या. महिनाअखेरीला लेवीय सुरू. सोबत समजावणारं कुणी नाही, नहेम्याच्या वेळचे लेवी नाहीत. वाचणारा दोन दिवस मागे पडतो, मग 6 अध्यायांची थकबाकी, मग 12 ची, आणि पुस्तक मिटतं. यावर साधी वाट आहे. नव्या कराराचे अध्याय 260. आठवड्यातून 5 दिवस रोज 1 अध्याय वाचला तर 52 आठवड्यांत तो बरोबर संपतो. शनिवार-रविवार मिळून 3 स्तोत्रं घेतली की 150 स्तोत्रंही त्याच वर्षात होतात. 119 वं, 176 वचनांचं, त्याला एक सुट्टीचा दिवस द्यावा. चुकलेला दिवस भरून काढण्याच्या भानगडीत पडू नये, सोमवारी जिथे असू तिथून पुढे जावं. दुसऱ्या वर्षी उत्पत्ती, निर्गम, मग शमुवेल आणि राजे अशी कथेची पुस्तकं. लेवीय एकटं घेऊ नये; त्याच्यासोबत इब्री लोकांस पत्राचा नववा आणि दहावा अध्याय उघडा ठेवावा, म्हणजे रक्त, वेदी आणि प्रायश्चित्ताचा दिवस कशासाठी होता हे दिसू लागतं.

मोठ्यानं वाचावं. मनातल्या मनात वाचताना डोळा नावांवरून घसरतो, जिभेला ते जमत नाही. योना 10-12 मिनिटांत होतो, रूथ 20 मिनिटांत, फिलेमोनाला 3-4 मिनिटं पुरतात. एका बैठकीत अख्खं पुस्तक ऐकलं की लक्षात येतं, योनाची गोष्ट माशाची नसून निनवेवर दया झाली म्हणून चिडलेल्या संदेष्ट्याची आहे, आणि ती एका प्रश्नावर संपते. घरात दोघांनी अध्यायाआड वाचावं. मुलाला संवादाचा भाग द्यावा.

याच कामासाठी माझा कौल कागदाच्या प्रतीला आहे. सलग वाचताना पान उलटतं, डावीकडचं आणि उजवीकडचं एकदम दिसतं, मागचं-पुढचं हाताला लागतं, आणि मध्ये कुणाचा मेसेज येत नाही. शोधायला, तुलनेला, ऐकायला मोबाइल घ्यावा. प्रवासात आणि दृष्टी अधू झाल्यावर तर घ्यावाच. उपासनेत मोबाइलवर बंदी घालण्यापेक्षा तो विमान मोडवर ठेवायला सांगावं आणि बाकांवर छापील प्रती ठेवाव्यात. वाचायची प्रत मोठ्या टायपाची घ्यावी, चेनचं कव्हर काढून टाकावं. शास्त्राचा कागद फार पातळ असतो. कोकणात आणि वसईकडे पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेल्या प्रतीला आत दमट होऊन बुरशी येते आणि कसर लागते. उघड्या फळीवर, भिंतीपासून दोन बोटं दूर ठेवावी. रोज हाताळलेल्या प्रतीला कसर सहसा लागत नाही.

राहता राहिली मंडळी. यिर्मयाच्या 36 व्या अध्यायात यहोयाकीम राजा हिवाळी महालात शेगडीपुढे बसला आहे. यहूदी नावाचा सेवक यिर्मयाच्या वचनांची गुंडाळी वाचतोय, आणि तीन-चार रकाने वाचून झाले की राजा चाकूनं तेवढा भाग कापून विस्तवात टाकतोय. तो ऐकत होता, हे विसरू नका. तुकड्या-तुकड्यानं ऐकत होता आणि प्रत्येक तुकड्यातून सुटत होता. मुद्दाम नोंद केली आहे की त्यानं वस्त्रं फाडली नाहीत. हा त्याच योशीयाचा मुलगा. आपल्या उपासनांत एका वचनावर 40 मिनिटांचा उपदेश होतो आणि शास्त्रपाठाला 3 मिनिटं मिळतात, तेव्हा श्रोत्याला आपण कोणती सवय लावतोय? कॅथलिक मिस्सेत रविवारचे पाठ तीन वर्षांच्या चक्रात नेमलेले आहेत आणि एकेका वर्षाला एकेक शुभवर्तमान क्रमानं येतं, ही फार मोठी ठेव आहे. पण पहिल्या पाठाच्या वेळी अर्धे लोक दारात असतील आणि वाचकानं तो पाठ तिथेच पहिल्यांदा पाहिला असेल, तर तीही हातची जाते. वाचकाला पाठ आठवडाभर आधी द्यावा. त्यानं तो घरी चार वेळा मोठ्यानं वाचावा, नावांचे उच्चार विचारून घ्यावेत, कुठे थांबायचं त्याच्या खुणा कराव्यात. किर्ताच्या वाचकांच्या घरी ग्रंथ होते, आपल्या वाचकाच्या हाती निदान तेवढं पान तरी असावं.

'लोक एवढं बसणार नाहीत' ही हरकत पंच कमिटीत हमखास निघते. इफिसकरांस पत्राचे 6 अध्याय संथपणे मोठ्यानं वाचायला 20 ते 25 मिनिटं लागतात, म्हणजे आपल्या नेहमीच्या उपदेशाहून कमी. ते पत्र इफिसच्या परिसरातल्या लोकांनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा एका बैठकीतच ऐकलं असणार. एका रविवारी उपदेश वगळून ते अख्खं वाचावं, तीन वाचकांत दोन-दोन अध्याय वाटून. उपवासकाळातल्या एखाद्या शुक्रवारी संध्याकाळी मार्क घ्यावा. 16 अध्याय, 8 वाचक, आठव्या अध्यायानंतर पाण्यासाठी 10 मिनिटं, एकूण दोन तासांच्या आत होतो. मध्ये गाणं नको, भाष्य नको, पडद्यावर चित्रं नकोत. मुलांना पुढे बसवावं, ज्यांना ऐकू कमी येतं त्यांना ध्वनिक्षेपकाजवळ. वाचणाऱ्यांत निदान दोघे विशीच्या आतले असावेत आणि दोघे सत्तरीच्या पुढचे. त्यांनी कागदावरून वाचायचं की मोबाइलवरून, ते ज्याचं त्यानं ठरवावं.